कलावंताचे पान: एका साध्या सोयीचा इतिहास

विज्ञानवार्तांमध्ये चांद्रयान, दुर्बिणी, लसी आणि क्वांटम संगणक यांची जागा ठरलेली असते. एखाद्या छायाचित्रकाराला किंवा बोधचित्रकाराला दुपारभरात स्वतःचे संकेतस्थळ उभे करून देणाऱ्या सेवेला तिथे जागा मिळण्याचे वरकरणी काही कारण दिसत नाही. एक नमुना निवडायचा, वीस-पंचवीस चित्रे चढवायची, नाव आणि संपर्क लिहायचा आणि 'प्रकाशित करा' असे बटण दाबायचे. यात विज्ञान कसले, असे कुणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्या बटणाच्या मागे जिनिव्हातल्या कणभौतिकशास्त्रज्ञांची एक गरज आहे, बंगळुरूत जन्मलेल्या एका अभियंत्याचा नाकारला गेलेला प्रस्ताव आहे आणि मुंबईच्या एका सुलेखनकाराची अक्षरे आहेत. शिवाय एक भांडण आहे, ते आजही मिटलेले नाही: हे पान नक्की कुणाचे?

'पोर्टफोलिओ' हा शब्द इटालियन भाषेतून आला. 'वाहून नेणे' आणि 'कागदाचे पान' या दोन शब्दांचा तो जोड आहे. मुंबईच्या जे. जे. कलामहाविद्यालयाच्या, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या किंवा पवईच्या आयआयटीतील डिझाइन केंद्राच्या आवारात काखेत मोठी चपटी काळी पिशवी घेऊन चाललेले विद्यार्थी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. त्या पिशवीचा एक गुण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो गृहीतच धरलेला असतो. पिशवी ज्याची, तिच्यातले कागदही त्याचेच. नोकरी नाकारली गेली तरी माणूस पिशवी उचलून पुढच्या दारी जातो. इंटरनेटवर आल्यावर या पिशवीची भिंत झाली, आणि भिंतीला मालक असतो.

सुरुवात मात्र अशी नव्हती. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत माहितीच्या व्यवस्थापनाविषयी एक प्रस्ताव मांडला. शेकडो शास्त्रज्ञ, डझनभर प्रकारचे संगणक, सतत बदलणारी माणसे, आणि कोणती माहिती कुणाकडे आहे याचा कुणालाच पत्ता नाही, ही त्यांची अडचण होती. १९९० च्या अखेरीस त्यांनी नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला. त्याविषयीची एक गोष्ट आज विस्मरणात गेली आहे: तो केवळ वाचण्यासाठी नव्हता, त्यात लिहिताही येत असे. पान उघडा, मजकूर बदला, दुवा जोडा, जतन करा. 'संकेतस्थळ बांधून देणारी सेवा' अशी वेगळी वस्तू लागावी, असे त्या रचनेत काहीच नव्हते. वाचणारे साधन हेच बांधणारेही साधन होते.

पण नेक्स्ट संगणक महाग होते आणि फारच थोड्या लोकांकडे होते. इतर संगणकांसाठी निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने एक साधा ब्राउझर लिहिला. तो कोणत्याही यंत्रावर चाले, पण फक्त वाचून दाखवी. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून 'मोझेक' आला. त्याने मजकुराच्या मध्येच चित्र दाखवले, जग जिंकले, आणि लिहिण्याची सोय मात्र वगळली. माझ्या मते वेबच्या इतिहासातले हे सर्वांत महागात पडलेले वळण आहे. त्यानंतर बहुसंख्य माणसे वाचक झाली आणि लेखक होण्यासाठी मध्यस्थ आवश्यक ठरला.

आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांना त्याची झळ पोचली नाही. विद्यापीठाच्या युनिक्स संगणकावर आमचे खाते असे. त्यात ठरावीक नावाची एक पुडी तयार केली की त्यातल्या फायली जगाला दिसत. पत्त्यात नावाच्या आधी एक नागमोडी रेघ, म्हणजे टिल्ड, येई. १९९१ च्या ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामॉसमध्ये शोधनिबंधांच्या मसुद्यांचे भांडार सुरू केले, तेच आजचे अर्काइव्ह. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेने अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर चालू केला. म्हणजे संशोधकाला कामाचा संग्रह मांडण्याची सोय जवळजवळ फुकट आणि पहिल्या दिवसापासून होती. चित्रकाराला संस्थेचा सर्व्हर नव्हता, आणि असता तरी त्याचे काम तारेतून जाण्याइतके हलके नव्हते.

हलके म्हणजे किती, याचा हिशेब भारतातल्या आकड्यांनी करू. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. मुंबईची एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी त्यात होत्या. सामान्य नागरिकासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. टेलिफोनच्या तारेवर तेव्हा सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे सारे सुरळीत चालले तर १,२०० बाइट, इतका वेग मिळत असे. आता ६४० × ४८० ठिपक्यांचे एक रंगीत छायाचित्र घ्या. आजच्या मोबाइलच्या पडद्यावर ते जेमतेम टपाल तिकिटासारखे दिसेल. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर ते ९,२१,६०० बाइट होते. भागाकार करा: ७६८ सेकंद, जवळजवळ १३ मिनिटे, तेही फोन मध्येच तुटला नाही तर. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या शेल खात्यावर तर चित्र दिसतच नसे. निगमाच्या संगणकावर चालणारा अक्षरांचा ब्राउझर चित्राच्या जागी कंसात 'इमेज' एवढा शब्द दाखवी. वीस चित्रांचा पोर्टफोलिओ पाहायला चार तासांहून अधिक वेळ लागणार असेल, तर तो कोण पाहील?

इथे गोष्ट वीस वर्षे मागे आणि कॅन्सस राज्यात जाते.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळुरूचा. तिथल्याच विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले, न्यू मेक्सिको विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठात ते शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे एक प्रस्ताव पाठवला. चित्राची माहिती आटोपशीर करण्यासाठी कोसाइन फलनांवर आधारलेले रूपांतर तपासून पाहावे, अशी ती कल्पना होती. प्रस्ताव नामंजूर झाला. ही कल्पना फारच साधी आहे, अशा आशयाचा शेरा एका परीक्षकाने दिल्याचे अहमद यांनी नंतर स्वतः लिहिले आहे. उन्हाळ्याच्या सुटीतला पगार त्या अनुदानावर अवलंबून होता. त्यांनी तो सोडला आणि १९७३ चा उन्हाळा याच प्रश्नावर घालवला. त्यांचा विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधील सहकारी के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंध मोजक्याच पानांचा आहे. पदव्युत्तर विद्यार्थी तो एका बैठकीत वाचू शकेल.

कल्पना खरोखरच साधी आहे, पण साधी म्हणजे उथळ नव्हे. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे लहान लहान चौकोन पाडा. एका चौकोनात ६४ आकडे असतात, प्रत्येक आकडा म्हणजे त्या ठिपक्याचा उजळपणा. तेच ६४ आकडे वेगळ्या तऱ्हेने लिहिता येतात: ६४ ठरलेल्या नक्ष्या घ्यायच्या आणि प्रत्येक नक्षी किती प्रमाणात मिसळली की आपला चौकोन तयार होतो, ते लिहायचे. पहिली नक्षी सपाट, म्हणजे चौकोनाचा सरासरी उजळपणा. दुसरीत एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हळूहळू अंधार होतो. पुढच्या नक्ष्यांमध्ये पट्टे दाट होत जातात आणि शेवटची नक्षी बुद्धिबळाच्या पटासारखी असते. आतापर्यंत काहीच वाचलेले नाही, ६४ आकड्यांच्या जागी ६४ आकडेच आहेत. पण निसर्गातले चित्र म्हणजे वाऱ्यावर फेकलेले ठिपके नव्हेत. आकाशाच्या ठिपक्याशेजारी बहुधा आकाशच असते, गालाशेजारी गाल. त्यामुळे सपाट आणि सावकाश बदलणाऱ्या नक्ष्यांचे आकडे मोठे येतात आणि दाट पट्ट्यांचे बहुतेक आकडे शून्याच्या आसपास. डोळ्यालाही अतिबारीक चढउतार फारसे कळत नाहीत. तेव्हा ते आकडे ठोकळमानाने लिहा किंवा शून्यच धरा. चित्र विसाव्या भागावर आले तरी पाहणाऱ्याला बहुधा कळत नाही.

पण कोसाइनच का? सर्वोत्तम नक्ष्या कोणत्या, हा प्रश्न गणिताने आधीच सोडवला होता. कारुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ते रूपांतर ओळखले जाते. अडचण अशी की त्यातल्या नक्ष्या प्रत्येक चित्रागणिक बदलतात. चित्राबरोबर त्या नक्ष्यांची यादीही पाठवावी लागते आणि मग बचत कसली? फूरिए रूपांतराच्या नक्ष्या ठरलेल्या असतात, पण ते असे गृहीत धरते की चौकोन संपला की तोच पुन्हा सुरू होतो. डावी कड उजळ आणि उजवी काळी असेल तर सांध्यावर खोटी उडी तयार होते आणि ती उडी लिहिण्यात पुष्कळ आकडे खर्ची पडतात. कोसाइन रूपांतर चौकोनाच्या कडेला जणू आरसा धरते. आरशातले प्रतिबिंब कडेपाशी मूळ चित्राला सलग जुळते, उडी उरत नाही. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे अधिक थोडक्यात सांगता येईल: स्प्रिंगांनी जोडलेल्या आठ मण्यांची माळ घ्या, तिची दोन्ही टोके मोकळी ठेवा आणि तिच्या कंपनाचे नैसर्गिक प्रकार काढा. तेच हे आठ कोसाइन. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या गृहपाठातली ही माळ. शेजाऱ्याचे शेजाऱ्याशी नाते हाच दोन्हीकडचा गाभा असल्यामुळे तिने छायाचित्रात यावे, यात फारसे नवल नाही. तरी मला दर वेळी नवल वाटते.

१९९२ मध्ये जेपेग हे प्रमाणक मंजूर झाले, त्याचा कणा हे कोसाइन रूपांतर आहे. आपले १३ मिनिटांचे छायाचित्र विसाव्या भागावर आणले तर ४६ हजार बाइट होतात आणि त्याच तारेवरून ३८ सेकंदांत येतात. पोर्टफोलिओ नावाची गोष्ट वेबवर शक्य झाली ती या गुणोत्तरामुळे. खात्री करून घ्यायची असेल तर कोणतेही छायाचित्र जेपेगच्या अगदी हलक्या प्रतीत जतन करा आणि मोठे करून पाहा. आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन फरशीसारखे उघडे पडलेले दिसतील.

चित्र हलके झाले, आता जागा हवी होती. १९९४ मध्ये डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी लॉस एंजलिसजवळ एक कंपनी काढली, तिचे पुढे 'जिओसिटीज' हे नाव प्रसिद्ध झाले. फुकट जागा आणि संगणकाची भाषा न येणाऱ्यालाही पान बांधता येईल अशी साधने. रचना शहरासारखी होती. प्रत्येक विषयाची एक वस्ती: कला आणि लेखन यांची 'सोहो', विज्ञानाची 'केप कॅनाव्हरल', आणि रहिवाशाला घर क्रमांक. लुकलुकणारी अक्षरे, तारांकित पार्श्वभूमी, 'काम चालू आहे' असे सांगणारा फावडेवाला. आजच्या अभिजनांना ते सारे हास्यास्पद वाटते. मला तसे वाटत नाही. मोझेकने काढून घेतलेली लेखणी पहिल्यांदाच लाखो सामान्य माणसांच्या हाती परत आली होती. तिने प्रथम थोडे गिरगटणारच.

जानेवारी १९९९ मध्ये याहूने ही कंपनी सुमारे ३५० कोटी डॉलरच्या समभागांच्या बदल्यात घेण्याचे जाहीर केले. त्या वर्षीच्या जूनअखेर नव्या अटी आल्या. रहिवाशांनी चढवलेल्या मजकुराचा आणि चित्रांचा हवा तसा, मोबदल्याविना, कायमचा वापर करण्याचा परवाना त्या अटींनुसार कंपनीकडे जात होता. चित्रकार, लेखक, छायाचित्रकार खवळले. अनेकांनी आपल्या पानांचे रंग पुसून ती करडी करून ठेवली, अनेक जण निघून गेले, आणि काही दिवसांतच कंपनीला अटी बदलाव्या लागल्या. कलावंतांनी आपल्या डिजिटल पानासाठी दिलेल्या पहिल्या मोठ्या लढ्यांपैकी हा एक. तो ते जिंकले. दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, कंपनीने सारी वसाहतच बंद केली. स्वयंसेवकांच्या एका गटाने शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढे उतरवून घेतले आणि पुढच्या वर्षी सहाशे जीबींहून मोठी एक फाइल जगाला दिली. जे त्यात आले नाही, त्यातले बरेचसे गेले.

भिंत आणि चित्र यांच्या नात्याचा आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा खटला विज्ञान भवनातला आहे. दिल्लीच्या या वास्तूसाठी शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी काशाचे भव्य भित्तिशिल्प घडवले होते. काम १९५७ मध्ये सोपवले गेले होते. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते उतरवून गोदामात टाकले गेले, त्याची मोडतोड झाली, काही भाग हरवले. सरकारचे म्हणणे असे की वस्तू आमची, पैसे दिलेले आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे उरलेले अवशेष त्यांना परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा तो आदेश होता. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमातले, वस्तू विकली तरी कर्त्याकडे राहणारे विशेष हक्क हा त्याचा आधार. जिओसिटीजच्या रहिवाशाला असे काही मागण्याची सोय नव्हती. त्याची मूळ चित्रे कदाचित घरी सुरक्षित होती. नष्ट झाली ती मांडणी, तिच्याकडे येणारे दुवे आणि लोकांना पाठ असलेला पत्ता. पोर्टफोलिओचा अर्धा जीव त्यातच असतो.

भारतीय कलावंतापुढे याहून वेगळी अडचण होती: स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत कसे लिहायचे?

वरवर पाहता ती सुटलेली होती. नव्वदच्या दशकात देवनागरी फॉन्टची रेलचेल होती आणि पत्रिकेपासून पुस्तकापर्यंत सारे संगणकावर छापले जात होते. पण ते फॉन्ट म्हणजे मुखवटे होते. संगणक आत रोमन अक्षरेच साठवी. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी आकार चढवी. हिंदी टंकलेखनात रुळलेल्या 'कृतिदेव'मध्ये रोमन 'डी'च्या जागी 'क' बसवलेला आहे आणि 'एफ'च्या जागी ऱ्हस्व वेलांटी. 'कि' लिहायचे तर आधी 'एफ', मग 'डी'. पाहणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर त्याला 'कि' न दिसता दोन रोमन अक्षरे दिसत. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात कचरा होई. शोधयंत्राला तर काहीच कळत नसे. पुष्कळांनी कंटाळून मार्ग काढला: मजकुराचेच चित्र करून चढवायचे. त्या काळातल्या अनेक भारतीय कलावंतांची नावे त्यांच्याच संकेतस्थळावर अक्षरे म्हणून नव्हती, ठिपके म्हणून होती.

खरे उत्तर आधीच तयार होत होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले भारतीय लिप्यांवरचे काम 'इस्की' या संकेतावलीपर्यंत पोचले. भारतीय मानक ब्युरोने ती १९९१ मध्ये प्रमाणित केली. तिच्यातला विचार आजही देखणा वाटतो: ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था एकच आहे, म्हणून 'क' देवनागरीतला असो, बंगालीतला असो वा तेलुगूतला, त्याला एकच क्रमांक. साठवायचा तो वर्ण, आकार नव्हे. युनिकोडने प्रत्येक लिपीला वेगळा विभाग दिला, पण देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. आता 'कि' म्हणजे आधी 'क', मग वेलांटी, उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवायची, 'र्क' मधला रफार उचलून डोक्यावर बसवायचा, हे काम पडद्यावर रेखाटणाऱ्या व्यवस्थेचे.

त्यासाठी असे सारे नियम सांभाळणारा फॉन्ट हवा होता. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा तो फॉन्ट. त्याचे कर्ते रघुनाथ कृष्ण जोशी. र. कृ. जोशी हे सुलेखनकार, उल्का जाहिरातसंस्थेतले कलादिग्दर्शक, अक्षरांच्या दृश्यरूपाशी खेळणारे कवी, आयआयटी मुंबईतले प्राध्यापक आणि नंतर एनसीएसटीतले संशोधक होते. टाकाने कागदावर लिहिणारा माणूस संगणकशास्त्रज्ञांबरोबर बसून जोडाक्षरांचे कोष्टक जुळवत होता. 'मंगल' दिसायला फार सुंदर आहे असे मी म्हणणार नाही, आणि अक्षरतज्ज्ञांनी त्याच्या रुक्षपणावर पुष्कळ तोंडसुख घेतले आहे. पण त्या काळच्या जाडसर ठिपक्यांच्या पडद्यावर लहान आकारात वाचता यावे ही त्याची अट होती, आणि करोडो लोकांनी देवनागरी युनिकोड पहिल्यांदा पाहिली ती त्याच्याच रूपात. जोशी २००८ मध्ये गेले. पानाबरोबर फॉन्टही पाठवण्याची वेबफॉन्टची सोय त्यानंतर सार्वत्रिक झाली आणि मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू', अहमदाबादच्या 'इंडियन टाइप फाउंड्री'चे 'हिंद' आणि 'पॉपिन्स' असे मुक्त परवान्याचे फॉन्ट सर्वांना मिळाले. आजच्या पोर्टफोलिओ-सेवेत देवनागरी शीर्षक नीट दिसते, त्याच्या मागे एवढी रांग उभी आहे.

सेवांचा स्वतःचा इतिहास त्या मानाने चटकन सांगता येतो. १९९६ च्या अखेरीस सीएसएसची पहिली शिफारस आली आणि मजकूर व मांडणी वेगळी ठेवता आली. नमुना बदला, मजकूर तोच; प्रत्येक बांधणी-सेवेचे इंजिन हेच आहे. २००३ मध्ये वर्डप्रेस आले. त्याच वर्षी मेरिलँड विद्यापीठातला विद्यार्थी अँथनी कॅसलेना याने वसतिगृहाच्या खोलीत स्क्वेअरस्पेस लिहायला घेतले. २००६ च्या सुमारास वीबली आणि विक्स निघाल्या. त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या बिहान्स या कलावंतांच्या प्रदर्शनस्थळाला २०१२ मध्ये ॲडोबीने विकत घेतले. मधला दशकभराचा काळ फ्लॅशचा. डिझाइनरांची सर्वांत कल्पक संकेतस्थळे त्यात बांधली गेली, विक्सची सुरुवातही त्यातच झाली. फ्लॅश एका कंपनीच्या मालकीचे होते आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी तिने त्याचा आधार काढून घेतला. सर्व्हरवर फायली जशाच्या तशा असूनही ती पाने मुकी झाली. काही स्वयंसेवक अनुकरण-प्रणाली लिहून त्यातली काही परत बोलती करत आहेत.

आता पोर्टफोलिओ बांधायला बसलेल्या विद्यार्थ्याने सेवा कोणती निवडावी, हे मी सांगणार नाही. सुंदर नमुने बहुतेक सगळीकडे आहेत. तपासायच्या गोष्टी वेगळ्या. पत्ता स्वतःच्या नावावर नोंदवलेला आहे की सेवेच्या नावाची शेपटी त्याला लागली आहे? .इन हे नाव २००५ पासून कुणालाही सहज घेता येते, आणि २०१४ पासून देवनागरीत .भारतही. मजकूर युनिकोडमध्ये आहे की चित्रात कोरलेला? अटींमध्ये चित्रांच्या वापराचा परवाना किती रुंद लिहिलेला आहे, आणि चित्रे यंत्रांना शिकवण्यासाठी वापरण्याचा उल्लेख त्यात आहे का? शेवटची चाचणी प्रत्यक्ष करून पाहण्याची: आपले संपूर्ण संकेतस्थळ उतरवून घ्या, इंटरनेट बंद करा आणि उघडा. काही मोठ्या सेवांमध्ये ते उतरवताच येत नाही, काहींत मजकूर येतो आणि मांडणी तिथेच राहते. भाडे भरून घेतलेल्या खोलीतल्या अशा व्यवहाराला वाईट म्हणता येणार नाही. तो आधी माहीत असलेला बरा, इतकेच.

संशोधकांनी यावर वरून पाहून हसण्यासारखी स्थिती नाही. टिल्डवाली पाने संस्थेच्या सर्व्हरवर होती आणि माणूस नोकरी बदलून गेला की खाते बंद होते. त्यावरची व्याख्यानांची टिपणे, विद्यार्थ्यांसाठी केलेली गणिते, प्रयोगाच्या यंत्रसंचाची हाताने काढलेली चित्रे अर्काइव्हवर गेलेली नसतात, कारण त्यांना कुणी शोधनिबंध म्हणत नाही. मी शिकत असताना अशा पानांवरून पुष्कळ भौतिकशास्त्र उचलले, आणि त्या काळच्या वहीत त्यांचे पत्ते अजून लिहिलेले आहेत. त्यांपैकी सर्न येथील पहिले पान, २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा मांडलेले, आजच्या कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. त्यात फक्त मजकूर आणि दुवे आहेत. वहीतले बाकीचे बहुतेक पत्ते टंकले की एकच उत्तर येते: ४०४.